पोरांच्या मोबाइलआधी गुरुजींचा ग्रुप

यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२मध्ये ठराव केला, की १८ वर्षांखालच्या मुलामुलींनी मोबाइल वापरायचा नाही. बातमी देशभर गेली. तेव्हापासून आमच्याकडे विदर्भात ग्रामसभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय निघाला, की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पोट्ट्यांच्या हाती मोबाइल आला अन् अभ्यास गेला. व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम शाळेच्या कुंपणाबाहेरच बरे. दुसरा म्हणतो, पुण्या-मुंबईची पोरं स्क्रीनवर शिकतात, आमच्यांनी काय जन्मभर पाटीच धरायची? दोन्हीकडच्यांचा जीव मुलांसाठीच तुटतो, यात मला शंका नाही. पण दोघांचीही नजर एकाच जागी खिळली आहे, मुलाच्या हातावर. त्या हातात फोन असावा की नसावा, एवढ्यावरच वाद थांबतो. माझं म्हणणं असं, की खेड्यातल्या शिक्षणात समाजमाध्यमांची पहिली आणि सगळ्यात मोलाची जागा शिक्षकाच्या हातात आहे. ती शिक्षकाशिक्षकांत आहे, मग शिक्षक आणि पालक यांच्यात आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलाला तिथे स्वतःचं खातं असण्याची काही गरज नाही. आणि शिक्षकाच्या हातातलं हे साधन आज शिकवण्याच्या कामी न येता अहवाल गोळा करण्यात वाया जातंय, यावर एखाद्या ग्रामसभेने ठराव केल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

बंदीवाल्यांचा मुद्दा हलक्यात घेण्यासारखा नाही. ‘प्रथम’ संस्था खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाची ‘असर’ नावाची पाहणी करते; तिच्या २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काहीतरी केलं होतं. समाजमाध्यमं वापरली होती ७६ टक्क्यांनी. आकडे देशाचे आहेत, पण दारव्ह्याच्या किंवा ब्रह्मपुरीच्या पालकाला ते आपल्याच घरचे वाटतील. याचं कारण मुलांचा आळस नव्हे. या कंपन्यांचं उत्पन्न जाहिरातींवर चालतं, जाहिराती पाहणाऱ्याच्या वेळेवर चालतात, म्हणून पाहणारा उठून जाऊ नये यासाठीच सगळी रचना आहे. बाईंनी पाण्याच्या चक्रावरचा व्हिडिओ घरी पाहायला सांगितला, तर तो चार मिनिटांत संपतो. पाचव्या मिनिटाला काय दिसेल ते बाई ठरवत नाहीत. वर्गात ‘आता पुढे काय’ हे मुलाचा चेहरा बघून ठरतं, तिथे ते कंपनीच्या हिशेबाने ठरतं. दहा वर्षांच्या मुलाने या रचनेशी एकट्याने झुंजावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती कायद्याने बंद केली. बान्सीच्या ग्रामसभेला मागासलेली म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की ती तीन वर्षं आधीच या प्रश्नाला भिडली होती.

दुसऱ्या तटाचा मोठा आधार म्हणजे करोनाचा काळ. एप्रिल २०२०मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने अभ्यासाचे दुवे व्हॉट्सॲपवरून पाठवायला सुरुवात केली. त्याच वर्षी ‘स्वाध्याय’ ही आठवड्याची प्रश्नमालिकाही व्हॉट्सॲपवरच आली. अडचणीच्या वेळी यंत्रणेने हातपाय हलवले, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण गावात काय झालं? घरात फोन एक, तो बापासोबत वावरात. संध्याकाळी तो थोरल्या भावाकडे; बहिणीची पाळी येईपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला. मेळघाटातल्या कित्येक गावांत तर रेंजसाठी टेकडी चढायची. दुवे येत राहिले, पण दुवा उघडून न समजलेलं मूल कुणाला विचारणार होतं? त्या दिवसांत जे काही खरं शिक्षण झालं, ते गावात जाऊन ओट्यावर, देवळाच्या मंडपात, झाडाखाली पाच-सहा पोरं घेऊन बसलेल्या शिक्षकांनी केलं. त्यांच्यापैकी अनेक जण उद्या काय घ्यायचं, कसं घ्यायचं, हे रात्री एकमेकांना फोनवर आणि ग्रुपवर विचारत होते. माध्यम चाललं ते तिथे.

इथे दोन्ही तटांच्या नजरेतून सुटलेला माणूस दिसायला लागतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक सांगितले आहेत. पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि दोन शिक्षक, म्हणजे एका खोलीत एकाच वेळी दोन इयत्ता. त्यातल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार. तो पंचायत समितीत बैठकीला गेला, पोषण आहाराचा हिशेब द्यायला बसला, की दुसऱ्याकडे चारही वर्ग. या शिक्षकाकडे पुस्तक आहे, फळा आहे, बऱ्याच ठिकाणी लोकवर्गणीतून आलेला टीव्हीही आहे. नाही तो सहकारी. शहरातल्या शाळेत मधल्या सुट्टीत चहाबरोबर ‘तुझ्या वर्गात भागाकार कसा घेतलास गं?’ असा प्रश्न सहज निघतो. इथे तो विचारायचा कुणाला? आसपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, शिक्षण परिषद महिन्यातून एकदा, आणि तिचा मोठा भाग परिपत्रकं वाचण्यात जातो. भामरागड ते गडचिरोली अंतर दीडशे किलोमीटरच्या वर. धारणीहून अमरावतीला निघालं की घाट उतरेपर्यंतच अर्धी सकाळ सरते. जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञ बसले असतील, पण मंगळवारी साडेअकरा वाजता अडलेल्या शिक्षकाला त्यांचा उपयोग काय?

एक अगदी साधा प्रसंग घेऊ. तिसरीतल्या मुलीला ‘एकशे पाच’ लिहायला सांगितलं, तिने १००५ लिहिलं. ही चूक महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने पाहिलेली आहे. मुलगी दुर्लक्ष करत नाही; ती ऐकलेलं तसंच लिहिते, आधी शंभर, मग पाच. तिच्याकडून १०५ पन्नास वेळा गिरवून घेतलं तर १०५ पाठ होईल, पण ‘दोनशे सात’ला पुन्हा २००७ येईल. तिच्यापुढे शंभराचा गठ्ठा, दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या मांडाव्या लागतात. दहाच्या गठ्ठ्यांची जागा रिकामी राहिली तरी तिथे शून्य का लिहायचं, हे तिच्या हाताला कळावं लागतं. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला हे पहिल्याच वर्षी कोण सांगणार? वहीच्या त्या पानाचा फोटो, मुलीचं नाव झाकून, तालुक्यातल्या तीस-चाळीस शिक्षकांच्या ग्रुपवर गेला आणि दुसरी-तिसरी शिकवण्यात उभी हयात गेलेल्या एखाद्या बाईंनी दोन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवला, तर हे ज्ञान त्या खोलीत त्याच दिवशी पोहोचतं. उद्या तो शिक्षक काड्या मांडून बघेल, परवा पुन्हा कळवेल. मुलीच्या हातात फोन नाही, तिने एकही रील पाहिलेली नाही, तरी समाजमाध्यमाने तिला शिकवलं.

हे शिक्षकांना जमेल का, अशी शंका येत असेल तर कापूस उत्पादकांकडे बघा. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला. आज गावागावांत शेतकऱ्यांचे ग्रुप आहेत. कुणी बोंड फोडून आतली अळी दाखवतो, कुणी कामगंध सापळ्यात किती पतंग आले ते सांगतो, आणि सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ पतंग दिसले की फवारणीचा विचार करायचा, हे कृषी विद्यापीठात न गेलेल्या माणसालाही ठाऊक झालेलं असतं. त्या ग्रुपांवर खोट्या औषधांच्या जाहिराती येत नाहीत का? येतात. तरी ते टिकले, कारण प्रश्न स्वतःच्या वावरातला असतो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी त्याच वावरात तपासलं जातं. चुकीचा सल्ला देणारा चार ओळीपलीकडचाच शेतकरी असतो, त्याला पारावर तोंड दाखवायचं असतं. शिक्षकांच्या ग्रुपलाही हेच लागू आहे. तो लहान हवा, एकमेकांना ओळखणाऱ्यांचा हवा, आणि त्यावरचा प्रश्न वर्गातून आलेला हवा.

ग्रुप लहान हवा हे मी जोर देऊन म्हणतो, कारण खुल्या माध्यमांवर शिक्षणाची चर्चा कशी होते ते आपण पाहिलं आहे. जून २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन दिलं. लहान मुलांना आधी एकक आणि मग दशक बोलणारे, जोडाक्षरांनी भरलेले संख्यांचे शब्द जड जातात, हे त्यामागचं कारण. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी ते नीट समजावूनही सांगितलं. पण तोवर फोनाफोनांतून विनोदांचा पूर आला, विधिमंडळापर्यंत थट्टा गेली. वर्गात पोरं एकोणतीसच्या जागी ३९ लिहितात हे रोज पाहणाऱ्या शिक्षकाला त्या गदारोळात कुणी विचारलं? लाखोंच्या व्यासपीठावर टाळ्या मिळतात. शिकवण्याची अडचण मात्र तीस जणांतच सुटते.

विदर्भापुरतं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते सगळ्यात वजनदार आहे. मेळघाटातल्या मुलाची भाषा कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळात कोलामी. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी-कोलामी द्राविडी. मराठीशी त्यांचं नातं शेजाराचं आहे, रक्ताचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलेलं आहे. पण बुलढाण्याचा किंवा सांगलीचा तरुण शिक्षक चिखलदऱ्याच्या पाड्यावर रुजू होतो, तेव्हा पहिलीच्या वर्गात त्याला मुलाचं रडणंही समजत नाही. ही भाषा त्याला कुठलं पाठ्यपुस्तक शिकवणार? शेजारच्या शाळेतला कोरकू भाषक शिक्षक किंवा गावातली अंगणवाडी ताई मात्र शिकवू शकते. ‘पाणी प्यायचं का’, ‘पोट दुखतं का’, ‘पुन्हा सांग’ अशी रोजची वाक्यं, गाणी, गोष्टी त्यांच्या आवाजात ग्रुपवर येत राहिल्या, तर वर्षभरात तालुक्याचा असा साठा तयार होतो, जो मुंबईतल्या कुठल्याही कंपनीला विकत देता येणार नाही. आपल्याकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या शिक्षकाला वऱ्हाडी पोरांचं आणि वऱ्हाडातल्याला झाडीबोलीचं बोलणं सुरुवातीला अडतं, तिथे कोरकूची काय कथा! छापील साहित्य यायला वर्षं लागतात. आवाज आज रात्री पोहोचतो.

यावर अनुभवी शिक्षक जे म्हणतील ते मला पाठ आहे. ग्रुपचं नाव काढू नका, आहेत तेच नकोसे झालेत. आणि ते अगदी खरं आहे. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा ग्रुप, उपक्रमांचा ग्रुप. सकाळी परिपाठाचा फोटो, दुपारी खिचडीचा फोटो, वृक्षारोपणाचा, शपथेचा, रॅलीचा फोटो, आणि ‘दुपारी दोनपर्यंत माहिती न पाठवल्यास आपली जबाबदारी’ अशी खाली ओळ. शिक्षक शिकवता शिकवता थांबतो, मुलांना ओळीत बसवतो, फोटो काढतो, रेंज शोधायला फाटकापर्यंत जातो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नये असं सांगतं. पण फोटो पाठवणं हे ‘काम’ म्हणून कुठे नोंदलंच जात नाही, म्हणून त्याला मर्यादाही नाही. या फोटोंतून कळतं काय? मुलं बसली होती एवढंच. तिसरीतली मुलगी अजून १००५ लिहिते का, हा प्रश्न त्या ग्रुपवर कुणी विचारत नाही. शिवाय त्या फोटोंत मुलांचे चेहरे असतात, गणवेशावर शाळेचं नाव असतं, आणि ते कुणाच्या स्टेटसवर, कुणाच्या फेसबुकवर जातात याचा पत्ता नसतो. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांची माहिती हाताळायला पालकाची पडताळता येणारी संमती अट म्हणून घातली आहे. कायद्याचा काटेकोर अर्थ वकील लावतील, पण मोबाइल मुलाच्या हातात नको म्हणणाऱ्यांनी मुलाचा चेहरा रोज मोबाइलवर का पाठवला जातो, हेही विचारायला हवं. माध्यम देखरेखीच्या कामी जुंपलं गेलं, म्हणून शिक्षकाला त्याचा वीट आला. त्यावर इलाज आहे. आदेश आणि अहवाल ग्रुपवरून काढा, त्यांच्यासाठी आठवड्यातली एक ठरलेली वेळ आणि एकच जागा ठेवा, आणि शिकवण्याच्या ग्रुपवर अधिकारी असलाच तर तो शिक्षक म्हणूनच बोलेल असा दंडक घाला.

यंत्र आलं आणि शिकवणारा बाजूला राहिला, हे आपल्याकडे पहिल्यांदा घडत नाही. १ ऑगस्ट १९७५पासून वर्षभर उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या प्रयोगातला एक भाग आज कुणी आठवत नाही: हजारो प्राथमिक शिक्षकांना सुट्टीच्या काळात विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण त्याच माध्यमातून दिलं गेलं होतं. मुलांना दाखवायचा पडदा शिक्षकालाही शिकवू शकतो, हे तेव्हाच्या लोकांना उमगलं होतं. पुण्यातली ‘बालचित्रवाणी’ १९८४मध्ये उभी राहिली, तीन दशकं मुलांसाठी कार्यक्रम करत राहिली आणि २०१७मध्ये बंद पडली. तिच्यापाशी काय कमी होतं? कार्यक्रम होते, कलावंत होते. पडद्यासमोर बसलेल्या मुलाचं ‘मला नाही समजलं’ ऐकायला मात्र कुणी नव्हतं. आणि आमच्याच अमरावती जिल्ह्यातला माणूस, शेंडगावचा गाडगेबाबा, शाळेत न जाता हजारोंच्या जमावाला शिकवत होता, तो प्रश्न विचारून. कीर्तनात बाबा विचारायचे, समोरचे उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. विजेशिवाय, ध्वनिक्षेपकाशिवाय जे साधत होतं ते संवादामुळे. आज खिशात इतकं मोठं साधन असताना आपण ते एकतर्फी दुवे ढकलायला वापरावं, याची मला खंत वाटते.

वर्ध्याच्या भूमीतून एक आक्षेप येतो आणि तो आदराने ऐकला पाहिजे. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली: मूल हाताने काम करत शिकेल, टकळीतून गणित येईल, शेतातून विज्ञान. त्या परंपरेतले लोक म्हणतात, पडद्याने हात निकामी होतात. मुलापुरतं मला हे पूर्ण मान्य आहे. वरच्या काड्यांच्या गठ्ठ्यांमागे तोच विचार आहे. पण नई तालीम उभी करायला सेवाग्रामला आधी काय करावं लागलं? शिक्षक घडवावे लागले. त्यांच्यासाठी प्रशिक्षणाचे वर्ग घ्यावे लागले, अनुभव एकमेकांपर्यंत न्यावे लागले. हाताने शिकवणं हे पुस्तकाने शिकवण्याहून कठीण आहे, आणि म्हणूनच तसं शिकवणाऱ्याला सोबत्यांची गरज जास्त आहे.

पालकांबद्दल थोडंच सांगतो. चंद्रपूर-गडचिरोलीची कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, मेळघाटातली दिवाळीनंतर मजुरीसाठी बाहेर पडतात. मुलं सोबत जातात, शाळेतलं नाव तेवढं मागे राहतं. बापाचा फोन मात्र सोबत असतो. शिक्षकाने आठवड्याला एकदा त्या फोनवर ‘या आठवड्यात पोरीला एवढं करायला सांगा’ असा बोललेला संदेश पाठवला, तर मायबाप वाचू शकत नसले तरी ऐकू शकतात. याने शाळा भरून निघत नाही, हे मी जाणतो. पण परतल्यावर मूल शाळेच्या दाराशी परकं उभं राहत नाही.

उरतो प्रश्न मोठ्या मुलांचा. इथे मी बान्सीच्या ठरावापासून वेगळा होतो. अकरावी-बारावीतल्या मुलीला नीटची किंवा सीईटीची तयारी करायची आहे, नागपूरचा क्लास आणि तिथली खोली परवडण्याचा प्रश्नच नाही. यूट्यूबवरचे फुकट तास हाच तिचा क्लास. बंदी सगळ्यांना सारखी, असं ठराव म्हणतो, पण ती उतरते मात्र असमान. ‘असर’च्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ३६ टक्क्यांकडे, तर मुलींपैकी २७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. गावाने बंदी केली की मुलगा मित्राच्या फोनवर, पानटपरीच्या मागे, बघतच राहतो. मुलीचा फोन घरातला असतो, तो त्याच दिवशी काढून घेतला जातो, आणि ‘ग्रामसभेनेच सांगितलंय’ हे कारण भावाला आणि बापाला आयतं मिळतं. ज्या पोरींनी शिकावं म्हणून गावं इतकी धडपडली, त्यांच्याच हातातून हे साधन आधी सुटावं का?

म्हणून ज्या गावांना ठराव करायचा आहे त्यांनी जरूर करावा, पण वयाची रेघ दहावीच्या अलीकडे ओढावी. त्याच ठरावात ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत वायफाय आणि मुलींसाठी संध्याकाळची राखीव वेळ लिहून घ्यावी. शाळेचं वीजबिल थकलं की डिजिटल वर्गाचा टीव्ही कोपऱ्यात धूळ खात पडतो. ते बिल कोण भरणार, हेही तिथेच ठरावं. आणि शाळेतल्या गुरुजींकडून, बाईंकडून दिवसाला किती फोटो मागितले जातात, त्यातले किती शिकवण्यासाठी असतात, याची माहिती शाळा व्यवस्थापन समितीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागावी.